मोक्षपुऱ्या आणि मराठी मुलूख

अयोध्या, मथुरा, हरिद्वार, काशी, कांची, उज्जैन आणि द्वारका या सात नगरींना परंपरेने मोक्षदायिनी मानले आहे. त्यांपैकी एकही मराठी मुलखात नाही. मनुस्मृतीतील आर्यावर्त दक्षिणेकडे विंध्यापाशी संपतो आणि बौधायन धर्मसूत्र तर दक्षिणापथातील लोकांची गणना संकीर्ण उत्पत्तीच्या लोकांत करते. ही मोजपट्टी काटेकोरपणे लावली, तर यवतमाळ जिल्ह्यातील कळंब येथे जन्मून, तिथलीच जमीन कसून, तिथेच देह ठेवणारा माणूस मोक्षाच्या नकाशाबाहेर पडतो. मोक्ष राहण्याच्या जागेवर अवलंबून आहे का, हा प्रश्न म्हणूनच मराठी मुलखाला जिव्हाळ्याचा होता, आणि त्यावर सर्वांत धीट विचार याच मुलखात झाला.

मनू आणि बौधायन यांची वचने आचाराविषयी आहेत, हे आधी लक्षात घ्यायला हवे. कोणत्या प्रदेशातला आचार प्रमाण मानावा, कुठे गेल्यास प्रायश्चित्त घ्यावे, हा त्यांचा विषय. समुद्रप्रवासाचा निषेधही याच जातीचा. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला अमेरिकेला निघाल्या, तेव्हा आक्षेप निघाले ते धर्म आणि जात राखण्यावरून. आचार बिघडणे आणि मोक्षाला मुकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोकव्यवहारात मात्र त्यांची सतत सरमिसळ झाली. पुराणांनी कक्षा बरीच रुंदावली. विष्णुपुराणाच्या मते समुद्राच्या उत्तरेचा आणि हिमालयाच्या दक्षिणेचा सगळा प्रदेश कर्मभूमी आहे आणि मोक्षाची वाट तिथूनच निघते. या सीमेत विदर्भ येतो, कळंबही येते.

खरा पेच काशीचा. काशीत मरण आले की मुक्ती, ही श्रद्धा इतकी खोल आहे की आयुष्याच्या शेवटी काशीवास पत्करणाऱ्या मराठी कुटुंबांची परंपराच तयार झाली. पण ज्ञानाशिवाय मोक्ष नाही असे वेदान्त सांगतो. मग काशीत मरणाऱ्या अज्ञानी माणसाला मुक्ती कशी? परंपरेचे उत्तर असे, की अंतकाळी स्वतः शंकर त्याच्या कानात तारक मंत्र सांगतो, त्यातून ज्ञान होते आणि ज्ञानातून मुक्ती मिळते. म्हणजे काशीच्या कैवाऱ्यांनीही मोक्षाचे कारण जागा नव्हे, ज्ञान हेच धरले. काशीत राहून पाप करणाऱ्याला आधी भैरवी यातना भोगाव्या लागतात, असेही ते सांगतात. नुसता मुक्काम तिथेही पुरत नाही. खुद्द काशीखंडात मानसतीर्थांचा विचार आहे: सत्य, क्षमा, इंद्रियनिग्रह हीच खरी तीर्थे, पाण्यात जन्मून पाण्यातच मरणारे जलचर काही स्वर्गाला जात नाहीत. जाबाल उपनिषद त्याहून पुढे जाऊन काशीचे अविमुक्त क्षेत्र माणसाच्या देहातच, भुवया आणि नाक यांच्या संधीवर दाखवते. ब्रह्मसूत्रांचा निर्वाळाही असाच आहे. उपासनेला जिथे मन एकाग्र होते ती जागा योग्य. दिशा, देश, काळ यांचा वेगळा नियम नाही. ज्ञानी पुरुष दक्षिणायनात मेला तरी त्याचे फळ चुकत नाही.

सोळाव्या शतकातल्या पैठणच्या दोन घराण्यांकडे या संदर्भात पाहावे. रामेश्वरभट्ट पैठणहून काशीला जाऊन स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांनी प्रयाग, काशी आणि गया यांवर ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ लिहिला. काशीत मूळ लिंग राहिले नसले तरी त्या जागी जे असेल त्याची पूजा करावी, असे त्यांनी त्यात सांगितले. जागेचे महत्त्व याहून ठामपणे मांडणे अवघड आहे. त्याच काळात पैठणचे एकनाथ काशीला गेले आणि १५७३ मध्ये तिथे त्यांनी आपले मराठी भागवत पुरे केले. काशी त्यांना घडली होती. तरीही ते घरी परतले आणि १५९९ मध्ये पैठणला गोदावरीत त्यांनी देह ठेवला. नारायणभट्टांच्या विद्वत्तेपुढे मान लवतेच, पण सामान्य माणसाला धीर देणारे उदाहरण एकनाथांचे आहे.

वारकऱ्यांनी प्रश्नाचा रोखच बदलला. पंढरपूर त्यांना प्राणाहून प्रिय, पण तिथे कायम राहण्याची अट नाही. वारी करावी आणि आपल्या गावी, आपल्या कामाला परतावे. तुकोबांनी तर मुक्तीपेक्षा पुन्हा जन्म आणि संतसंग मागितला.

महानुभाव पंथाचे उत्तर सर्वांत वेगळे आहे, आणि ते विदर्भातले आहे. कळंबच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. तिथे पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांचे गुरू गोविंदप्रभू राहिले आणि तिथेच म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास लीळाचरित्राचे काम हाती घेतले. चक्रधरांनी शिष्यांना कानडी आणि तेलंग देशात जाऊ नये, महाराष्ट्रात असावे, असे सांगितले. वरवर पाहता मोक्ष मुलखाला बांधल्यासारखा दिसतो. पण याच आचारधर्मात भिक्षुकाने एका गावी मुक्काम करू नये, ओळखीच्या लोकांपासून दूर, झाडाखाली राहावे, फिरत राहावे, असेही आहे. महाराष्ट्रात राहायचे ते साधनेला पोषक भूमी म्हणून. त्यातल्या कुठल्याही घराला, गावाला चिकटायचे नाही. चक्रधर जिथे बसले, जेवले, निजले त्या जागा पंथाने ‘स्थानपोथी’त नोंदवून ठेवल्या आणि आजही तिथल्या ओट्यांना वंदन केले जाते. वंदन त्या जागेला परमेश्वराचा संबंध घडला म्हणून. मोक्ष देणारा मात्र परमेश्वरच. स्थळाचा आदर आणि स्थळाची अनासक्ती एकाच शिस्तीत बसवणारा एवढा नेमका विचार अन्यत्र क्वचितच सापडतो.

कळंबचे स्वतःचे क्षेत्रमाहात्म्यही मोठे आहे. चक्रावती नदीकाठचे हे गाव गणेशपुराणातील कदंबपूर समजले जाते. चिंतामणी गणेशाचे मंदिर जमिनीच्या पातळीखाली असून पायऱ्या उतरून आत जावे लागते, तिथेच कुंड आहे. गौतमांच्या शापातून सुटण्यासाठी इंद्राने इथे तप केले आणि कुष्ठाने ग्रासलेला रुक्मांगद राजा या कुंडातल्या स्नानाने बरा झाला, अशा कथा आहेत. दर बारा वर्षांनी कुंडाचे पाणी चढून मूर्तीच्या पायांना लागते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. या कथांतला दिलासा शाप आणि रोग यांतून सुटण्याचा आहे, आणि तो इंद्रालाही मिळतो तसाच भोगाने पोळलेल्या माणसालाही.

तीर्थाला जाऊ न शकणाऱ्यांसाठीही शास्त्राने सोय ठेवली आहे. दर्भाची प्रतिकृती करून तिला कुणाच्या नावाने तीर्थात स्नान घातले, तर त्या माणसाला फळाचा आठवा हिस्सा मिळतो, असे स्मृतिवचन आहे. मोक्षाकडे मन लावण्याआधी देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे फेडावीत, म्हणजे आपली कर्तव्ये आधी, असे मनूच सांगतो. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काशी घडली नाही म्हणून कळंबच्या किंवा कुठल्याही गावच्या कुटुंबाने स्वतःला दोष देऊ नये, आणि तेवढ्यासाठी शेतावर कर्ज तर मुळीच काढू नये.