धातूच्या कोठारातील हायड्रोजन

हायड्रोजनच्या साठवणुकीचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा मोटारीपाशी सुरू होते आणि मोटारीपाशीच संपते. २०२० साली पुण्यात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि केपीआयटी यांनी ज्या मोटारीची चाचणी घेतली, तिच्या टाकीत हा वायू वातावरणाच्या सुमारे ३५० पट दाबाने भरलेला होता. चालत्या वाहनाला ओझे परवडत नाही, म्हणून ते योग्यही होते. परंतु त्याच निकषाने हायड्रोजन शोषून साठवणाऱ्या मिश्रधातूंचाही न्याय केला जातो, आणि लँथनम-निकेलच्या शंभर किलोंत दीड किलोही वायू मावत नाही, एवढे नमूद करून त्यांचे प्रकरण दफ्तरदाखल होते. हा निवाडा मला मान्य नाही. कारण ज्या कोठाराला जागेवरून हलायचेच नाही, त्याच्या वजनाची तक्रार कोणी आणि कशासाठी करावी?

लंडनच्या टांकसाळीचा मुख्याधिकारी टॉमस ग्रॅहॅम याने १८६६ साली दाखवून दिले की, पॅलेडियम हा धातू आपल्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन पोटात घेतो. वायूचा रेणू धातूच्या पृष्ठभागावर दुभंगतो, त्याचे सुटे अणू धातूच्या अणूंमधील पोकळ्यांत शिरतात, आणि तेथे कोंडलेल्या वायूसारखे न राहता धातूशी बांधले जाऊन हायड्राइड नावाचा नवा पदार्थ घडवतात. लँथनम-निकेल या क्रियेत जवळजवळ पाव हिश्शाने फुगते, आणि काही आवर्तनांतच त्याच्या घट्ट ढेकळाची करडी भुकटी होते. वायू शिरताना उष्णता बाहेर पडते, म्हणून भरते नळकांडे हाताला गरम लागते. उलट वायू काढून घेऊ लागले की तेच थंडावते, आणि हवा दमट असेल तर त्याच्या अंगावर दव धरते. बाहेरून ऊब मिळाली नाही तर वायूचा ओघ मंदावतो. नळी फुटली तरी सारा साठा एकदम उसळून बाहेर येत नाही, याचे कारण हेच.

आता हे कोठार आदिलाबादलगतच्या मावल्यात उभे आहे अशी कल्पना करावी. तेलुगू, मराठी आणि गोंडी एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या, कापसाच्या या मुलखात वैशाखात पारा ४४ अंशांच्या आसपास जातो आणि पौषातल्या पहाटे दहाच्याही खाली उतरतो. लँथनम-निकेलमधील वायूचा दाब २५ अंशांना वातावरणाच्या पावणेदोन ते दोन पट असतो, वैशाखाच्या उन्हात सुमारे चौपट होतो, पण पौषातल्या त्या पहाटे एका वातावरणाच्याही खाली घसरतो. म्हणजे नेमक्या गारठ्यात, कोणी ऊब दिल्याशिवाय, कोठाराचे दार उघडत नाही. लोह-टायटेनियमचा दाब मात्र त्याच थंडीत दोन वातावरणांच्या आसपास आणि उन्हाळ्यात आठांच्या घरात राहतो, आणि एवढा दाब साधे पोलादी नळकांडे सहज सोसते. १९७४ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या रायली आणि विसवॉल यांनी ज्याचे गुणधर्म प्रसिद्ध केले, तो हा मिश्रधातू मावल्याच्या हवामानाला अधिक मानवणारा आहे.

त्याचे घटकही परके नाहीत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतले इल्मेनाइट म्हणजे लोह आणि टायटेनियम यांचेच संयुक्त ऑक्साइड. आणि केरळात चवरा येथे टायटेनियम स्पंज ज्या तंत्राने काढतात, ते हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने सिद्ध केलेले आहे. अडचण आहे ती पहिल्या भरणीची: हवेच्या स्पर्शाने भुकटीवर ऑक्साइडचा थर बसतो, आणि तो भेदण्यासाठी तिला सुमारे चारशे अंशांपर्यंत तापवून हायड्रोजनच्या दाबाखाली ठेवावे लागते. थोडे मँगनीज मिसळल्यास हे काम पुष्कळ सुकर होते.

याहून मोठा आक्षेप तोट्याचा आहे, आणि तो टाळता येणार नाही. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन मिळवण्यास पन्नासावर युनिट वीज लागते, आणि इंधनघटातून परत मिळते ती सोळा-सतराच्या आसपास. आजच्या उन्हाची वीज आज रात्री वापरायची असेल तर बॅटरीच घ्यावी, हायड्राइडचा हट्ट धरू नये. पण उन्हाळ्यात जमवलेला साठा श्रावणातल्या ढगाळ पंधरवड्यापर्यंत ठेवायचा असेल, तर तोलाचा काटा फिरतो. बंद झडपेमागचा वायू महिनोन्महिने तसाच राहतो, आणि तो सोडवण्यास लागणारी उष्णता खुद्द इंधनघटाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून भागून शिल्लक उरते. लोह-टायटेनियमच्या सत्तर किलोंत साधारण एक किलो हायड्रोजन वापरण्याजोगा मिळतो. एखाद्या आरोग्यकेंद्राच्या मागील खोलीत असे काही हंडे मांडले, तर त्यांचा भार जमीन सोसणार आहे, गाडीचे चाक नव्हे.

राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली आहे. त्या रकमेतून मावल्यासारख्या एका ठिकाणी, एका आरोग्यकेंद्राच्या लसींच्या शीतपेटीसाठी, लोह-टायटेनियमचे कोठार एक संपूर्ण वर्ष, वैशाख आणि पौष दोन्ही धरून, चालवून पाहावे आणि त्याची रोजची नोंद जनतेपुढे ठेवावी, एवढीच संबंधितांना माझी विनंती आहे.