हसलेला अनारसा

पुण्यातल्या एका लेखिकेने रहस्यकथांची एक नायिका घडवली होती. तिला सगळे नुसतं 'मावशी' म्हणत. मावशी सदाशिव पेठेत खाणावळ चालवायच्या आणि पोळ्या लाटता लाटता खुनी शोधायच्या. ही कल्पना सुचली ती भाचीने अमेरिकेहून पाठवलेल्या पुस्तकांमुळे. जोअॅन फ्लूक यांनी २००० साली बेकरीवाल्या हॅना स्वेन्सनला खुन्यांच्या मागे लावलं आणि कथेच्या मधेमधे कुकीजच्या कृतीही दिल्या. ते वाचताना लेखिकेला शिकत असतानाची आपली खाणावळ आठवली. तिथल्या बाईबरोबर ओट्याशी बसून तिने मटार सोलले होते.

पहिल्याच कथेत एक सून म्हणते, "काल तांदूळ भिजवले, आज दिवसभर अनारसे तळत होते." मावशी अनारसा मोडून बघतात. तांदूळ तीन दिवस भिजायला हवेत, तेही रोज पाणी बदलून. मग सावलीत सुकवायचे, दमट असतानाच दळायचे आणि गूळ मिसळून पीठ चार-सहा दिवस मुरू द्यायचं. कालच्या तांदळाला आज अशी जाळी कुठली पडायला! अनारसे विकतचे होते, म्हणजे सून दिवसभर घरात नव्हती. वाचकांनी ही कथा डोक्यावर घेतली.

पुढची अकरा वर्षं दर दिवाळीला मावशी येत राहिल्या. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरं फराळाबरोबर अंकाचीही वाट बघतात. काही घरांत आता त्या अंकात आधी मावशींचं पान उघडलं जाई.

बाराव्या कथेसाठी संपादकांचा फोन आला तेव्हा लेखिका व्याख्यानांच्या दौऱ्यावर होती. व्याख्यानात ती अगाथा ख्रिस्तीचं उदाहरण द्यायची. पहिल्या महायुद्धात ख्रिस्तीने टॉर्कीच्या इस्पितळात औषधं तयार करण्याचं काम केलं. म्हणून तर १९२० सालच्या तिच्या पहिल्या कादंबरीत ब्रोमाइडमुळे स्ट्रिक्नीन बाटलीच्या तळाशी बसतं, हा धागा इतका पक्का विणला गेला. लेखिका हे मनापासून सांगायची. आणि रात्री हॉटेलवर येऊन आपली कथा उरकायची. चार रात्रींत ती झाली.

त्या कथेत मावशी फक्त डबे भरतात. खून कॅमेऱ्यात दिसतो, इन्स्पेक्टर येऊन खुन्याचं नाव सांगतो, मावशी "अगं बाई!" म्हणतात. शेवटी कृती छापलेली: तांदूळ रात्रभर भिजवा, सकाळी वाटा, साखर घाला, लगेच तळा. कॅमेऱ्याचं मी एक वेळ सोडून देईन. कृतीचं नाही, कारण तिच्यावर विश्वास ठेवून कुणीतरी तूप तापवणार होतं.

वाईच्या एका आजींनी ते तापवलं. त्यांचं पत्र आलं: "तुमच्या कृतीने केलेले अनारसे तुपात हसले. एकही हाती लागला नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे हे तुमच्या मावशींनीच सांगितलं होतं ना? यंदा त्या फारशा बोलल्याही नाहीत. त्यांना बरं नाही का?"

लेखिकेने उत्तर लिहायला घेतलं, "छपाईत चूक..." तिथेच ती थांबली. कागद तसाच ठेवून तिने डब्यातला जुना तांदूळ काढला, निवडला, धुतला, भिजत घातला.

तीन दिवस ती कुठे गेली नाही. तिसऱ्या दिवशी पाणी ओतताना तांदळाला किंचित आंबूस वास आला, आणि तिला खाणावळीतली ती बाई पुन्हा दिसली. पीठ चाळताना मान तिरकी करणारी, येणाऱ्याच्या चपलांच्या आवाजावरून त्याची भूक ओळखणारी. तांदूळ सुकवून, दळून पीठ चाळता चाळता लेखिकेने चाळण खाली ठेवली आणि तशाच पिठाच्या हातांनी वही ओढली.

पीठ मुरत असताना संपादकांचा फोन आला. पुढच्या कथेचं नाव जाहिरातीसाठी आत्ताच हवं होतं.

"नाव नाही सुचलं अजून," ती म्हणाली. "आणि वेळेत जमलं नाही, तर पुढचा अंक मावशींशिवायच काढा."

आठवड्याने तिने खसखशीवर पहिला अनारसा थापला आणि खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडला. तो हसला. तिने पिठात चमचाभर कोरडी पिठी मळली आणि दुसरा सोडला. झाऱ्याने वरून तूप उडवत राहिली. हळूहळू जाळी पडली.

मग तिने वाईचं पत्र पूर्ण केलं. "छपाईत" हा शब्द खोडून लिहिलं, "चूक माझी. मावशींना खरंच बरं नव्हतं."

उरलेलं पीठ तिने डब्यात भरलं आणि वाईला पाठवायला डब्याला दोरी बांधली.