पर्वत, मेखा आणि एका मुलाचा प्रश्न



एका जुम्याच्या खुतब्यात मी सूरह नबाच्या आधारे पर्वतांविषयी बोललो होतो. अल्लाहने तेथे जमिनीला बिछान्याची आणि पर्वतांना मेखांची उपमा दिली आहे. बोलण्याच्या ओघात मी म्हणून गेलो, "पर्वत भूकंप रोखतात, हे आता विज्ञानानेही सिद्ध केले आहे." नमाजनंतर दहावीत शिकणारा एक मुलगा जवळ आला आणि अदबीने म्हणाला, "इमामसाहेब, मग हिमालयातच एवढे भूकंप का होतात?"

मी निरुत्तर झालो. घरी येऊन भूगर्भशास्त्राची पुस्तके वाचली, तफसीरही पुन्हा उघडली.

पृथ्वीचे कवच अखंड नाही; ते अनेक विशाल भूपट्टांचे बनलेले आहे. भारतीय भूपट्ट दक्षिणेकडून सरकत येऊन सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी युरेशियाच्या भूपट्टाला भिडला. मधला टेथिस समुद्र लोपला, त्याच्या तळाचे थर दुमडून वर उचलले गेले आणि हिमालय उभा राहिला. एव्हरेस्टच्या माथ्यावरील चुनखडकात आजही समुद्री जीवांचे अवशेष आढळतात. ती टक्कर अजून थांबलेली नाही. आपला भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो. खडकांत साठलेला ताण एकाएकी सुटला की धरणीकंप होतो. ८ ऑक्टोबर २००५ रोजी, रमजानच्या दिवसांत, काश्मीरच्या डोंगरांत असाच भूकंप झाला आणि ७० हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत शाळेत बसलेली हजारो मुले होती.

म्हणजे पर्वत आणि भूकंप ही एकाच हालचालीची दोन फळे आहेत. मुलाचा प्रश्न रास्त होता. चूक माझी होती.

मग मेखांच्या उपमेचे काय? पर्वतांची मुळे खोलवर गेलेली असतात, हा विचार जॉर्ज एअरी यांनी १८५५ मध्ये मांडला. हिमालय-तिबेटच्या प्रदेशात कवचाची जाडी सुमारे ७० किलोमीटर भरते. हे वाचताना मन अल्लाहच्या महानतेने भरून येते. जमीन डळमळू नये म्हणून पर्वत रोवले, असे कुरआन सांगतो, तेव्हा तो आपल्याला मिळालेल्या स्थैर्याच्या कृपेची आठवण करून देतो. भूकंप होणारच नाहीत, अशी हमी त्यात कोठेही नाही. त्याच कुरआनात सूरह जिलजाल आहे. ती हमी आम्ही वक्त्यांनी आपल्या पदरची जोडली. सूरह नम्लमध्ये पर्वत ढगांप्रमाणे चालण्याचा उल्लेख आहे. त्यालाही काही जण भूपट्टांचा पुरावा मानतात. परंतु त्याच्या आधीच्याच आयतीत सूर फुंकला जाण्याचे वर्णन आहे, म्हणून बहुतेक भाष्यकारांनी तो कियामतच्या दिवसाशी जोडला आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम वारले, त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, सूर्यही शोकाकुल झाला. प्रेषितांनी (स.) त्या दुःखातही लोकांना समजावले की, सूर्य-चंद्र ही अल्लाहची चिन्हे आहेत, कोणाच्या मृत्यूमुळे त्यांना ग्रहण लागत नाही. लोकांच्या श्रद्धेला तो समज किती सोयीचा होता! तरीही प्रेषितांनी (स.) असत्याचा टेकू नाकारला. मग आम्हाला तो घेण्याचा काय अधिकार?

आमच्याच परंपरेत इब्न सीना यांनी भूकंपाने जमीन उचलली जाऊन पर्वत बनतात, असे लिहिले. अल-बिरुनी यांनी भारतातील नद्यांचे दगड पाहिले. डोंगराजवळ ते मोठे, दूर गेल्यावर लहान आणि शेवटी वाळू, हे पारखून त्यांनी अनुमान काढले की, ही मैदाने एके काळी समुद्र होती. त्यांनी आयतीचा अर्थ ओढूनताणून लावला नाही. डोळे उघडून निर्मिती पाहिली. कुरआन ज्या चिंतनाचे आवाहन करतो, ते हेच.

पालकांनो, मुलाने असा प्रश्न विचारला तर त्याला गप्प करू नका. आज दडपलेला प्रश्न खडकातील ताणासारखा आत साठत जातो आणि एक दिवस श्रद्धेलाच तडा देतो. उत्तर ठाऊक नसेल तर "अल्लाहु आलम" म्हणा, आणि मुलासोबत पुस्तक उघडा.

पुढच्या जुम्याला मी मिंबरवरूनच माझी चूक दुरुस्त केली. तो मुलगा पहिल्या सफेत बसला होता.

अल्लाह आम्हा सर्वांना सत्य ओळखण्याची, आणि चुकल्यास ते कबूल करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.