वर केलेला हात

31 ऑगस्ट 2019. जळगावच्या घरकुल प्रकरणात धुळ्याच्या विशेष न्यायालयानं 48 जणांना दोषी ठरवलं. त्यात माजी मंत्री होते, तसे बरेच माजी नगरसेवकही. निकालाविरुद्ध पुढे अपिलं झाली. कायद्याचं कायदा बघेल. मला छळतो तो साधा प्रश्न: सभेत ठराव आला, सगळ्यांनी हात वर केला, म्हणून मीही केला. यात माझा दोष किती?

भाकरी वाटली की प्रत्येकाचा तुकडा लहान होतो. जबाबदारीचं तसं होत नाही. प्रत्येकाच्या वाट्याला अख्खी येते.

कुणी म्हणेल, गटारी-नळासाठी निवडून आलेल्या माणसानं एवढा जाड अजेंडा वाचायचा कधी? खरंय. मीही ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी सहकाऱ्याचा चारशे ओळींचा कोड चाळीस ओळी वाचून मंजूर करतो. पण न वाचणं हा गुन्हा नाही. न वाचता ‘वाचलं’ म्हणणं, हा आहे. “समजलं नाही, वेळ द्या, माझा विरोध नोंदवा,” एवढं म्हणायला पदवी लागत नाही, एकटं पडायची तयारी लागते.

पुढच्या वेळी उमेदवार दारात आला, की रस्त्याचं विचाराच. सोबत हेही विचारा: भाऊ, हात खाली कधी ठेवला होता?