पाटीनं टेबल व्हावं काय?

काही प्रश्न खरं तर तत्त्वज्ञांनी सोडवायचे असतात. पण तत्त्वज्ञांना सवड नसते आणि बँकेतल्या कारकुनाला ती भरपूर असते असा सर्वांचा समज असतो, म्हणून ते आमच्याकडे येतात. टॅबलेटमध्ये डेस्कटॉपच्या सगळ्या सोयी असाव्यात की नसाव्यात, हा त्यांपैकीच एक. दिसायला प्रश्न यंत्राचा. पण मी पडलो बी.कॉम. मला प्रत्येक गोष्टीत एक नावेची बाजू दिसते आणि एक जमेची, आणि दोन्हींचा मेळ बसल्याखेरीज मला जेवण गोड लागत नाही.

आधी शब्दांचं खातं उघडू. डेस्कटॉप म्हणजे टेबलाचा वरचा भाग. 1981 साली झेरॉक्स कंपनीनं स्टार नावाचा संगणक काढला. त्याच्या पडद्यावर चक्क कचेरीतलं टेबल मांडलं होतं. कागद, फोल्डर, फायलींचे खण, आलेल्या टपालाचा ट्रे, जाणाऱ्या टपालाचा ट्रे. 1984 साली मॅकिंटॉश आला, त्यात कचऱ्याची टोपलीही होती. ज्यांना ही कल्पना सुचली त्यांनी आमच्या शाखेतलं टेबल पाहिलेलं नव्हतं, हे उघड आहे. माझ्या टेबलावर केवायसीचे फॉर्म, त्यांवर स्टॅम्पपॅड, त्यावर चहाचा कप, आणि त्या सगळ्याखाली कुठंतरी कुणाचं तरी मंगळवारपासून न सापडणारं पासबुक असतं. यालाच संगणकाच्या भाषेत पुष्कळ खिडक्या उघड्या असणं म्हणतात.

टॅबलेट म्हणजे पाटी. पाटीचा गुण असा, की तिच्यावर एका वेळी एकच गोष्ट मावते. दुसरी लिहायची तर पहिली पुसावी लागते. 27 जानेवारी 2010 रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी पहिला आयपॅड जगाला वापरून दाखवला, तो आरामखुर्चीत बसून. सगळं तत्त्वज्ञान त्या बैठकीतच होतं. टेबल कामाचं, पाटी आरामाची.

पण माणसाला आराम मिळाला की काम आठवतं आणि काम मिळालं की आराम. 2015 साली आयपॅडचा पडदा दुभागून दोन कामं शेजारीशेजारी करता येऊ लागली. 2017 मध्ये फायली ठेवायला कपाट आलं. 2020 मध्ये माऊस चालू लागला. 2025 मध्ये तर लहानमोठ्या करता येणाऱ्या खिडक्या आणि वर मेनूची पट्टी, असं अख्खं टेबलच पाटीवर येऊन बसलं. मधल्यामध्ये, 2024 साली, कंपनीनं त्यात स्वतःचा कॅल्क्युलेटर दिला. म्हणजे चौदा वर्षं हे यंत्र त्यावाचून होतं! आकडेमोड न येता चौदा वर्षं नोकरी केलेली माणसं मी पाहिली आहेत. पण त्यांना बढती मिळालेली असते.

याच्या उलटा प्रयोगही झाला. 2012 साली विंडोज 8 नं टेबलालाच पाटी करायचं ठरवलं आणि वर्षानुवर्षं कोपऱ्यात असलेलं स्टार्टचं बटण काढून टाकलं. लोक असे खवळले, की 2013 मध्ये बटण परत आलं आणि 2015 मध्ये त्याच्यामागचा मेनूही. कुणाचंही टेबल त्याला न विचारता आवरू नये, ही गोष्ट आमच्या घरच्या मंडळींना मी बरीच वर्षं सांगतो आहे.

आता घरचा पक्ष आणि विपक्ष. आमचे अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. संगणकाला त्यांनी आयुष्यभर लांबून नमस्कार केला, पण टॅबलेटशी त्यांचं जमलं. पेपर उघडला की फक्त पेपर, बुद्धिबळ उघडलं की फक्त बुद्धिबळ. उलट आमची कन्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिचा अभ्यासाचा सगळा संसार त्या एकाच टॅबलेटवर. ती म्हणते, "बाबा, तूच सांग, समोर पुस्तक उघडं न ठेवता तू कधी नोट्स काढल्यास का?" लॅपटॉप वेगळा घ्यावा, हे उत्तर ज्यांचा पगार महिन्याच्या वीस तारखेपर्यंत पुरतो त्यांनी द्यावं.

मग न्याय कुणाच्या बाजूनं द्यायचा? मला वाटतं, याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. आमची सौ. एकादशी करते. त्या दिवशी डब्यात पोळ्या असतात, पण ती खात नाही. याला आपण उपास म्हणतो. डब्यात पोळीच नसली आणि खाल्लं नाही, तर त्याला उपास म्हणत नाहीत, उपासमार म्हणतात. पोट दोन्हीकडे रिकामंच. पण एकात पुण्य आहे आणि दुसऱ्यात नुसती भूक. साधेपणाचंही तसंच. मला सगळं उपलब्ध असताना मी एकच खिडकी उघडी ठेवतो, हा झाला संयम. दुसऱ्यानं बाकीच्या खिडक्या भिंतीत चिणून टाकल्या आणि वर "तुमच्याच भल्यासाठी" असं सांगितलं, तर त्याला संयम कसा म्हणावा? पूर्वी यंत्राच्या अंगात तेवढा जोर नसेल, ही सबब चालली असती. पण 2021 साली आयपॅड प्रोमध्ये तीच चिप बसली, जी आदल्या वर्षीपासून मॅकमध्ये होती. कोठी भरल्यावर जेवायला न वाढणं याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे.

"पण अण्णांचं काय?" असं वाचक विचारतील. मीही अण्णांची बाजू घेऊनच बोलत होतो, की त्यांना इतकं सगळं झेपायचं नाही. तर अण्णा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "अरे, मला काय झेपतं ते तू कोण ठरवणार? खिडकी कुठं आहे ते दाखव. वारा लागला तर मी लावून घेईन." सोपं करून देणं ही माया असते, पण समोरच्याला काही कळतच नाही असं धरून चालणं हा अपमान असतो. दोहोंतली रेघ फार बारीक आहे, आणि म्हातारपणी ती फार स्पष्ट दिसते. नव्या आयपॅडवर निवड ठेवली आहे. एकच ॲप पडदाभर हवं तर तसं, खिडक्या हव्या तर तसं. माझ्या मते हीच योग्य रीत.

मात्र नावेच्या बाजूला एक रक्कम उरते, आणि ती मला कारकून म्हणून ठाऊक आहे. पूर्वी बँकेत पैसे मोजणारा वेगळा, लेजर लिहिणारा वेगळा, टोकन देणारा वेगळा. पुढं संगणक आले आणि आम्ही झालो सिंगल विंडो ऑपरेटर. नाव सिंगल, पण त्या एका खिडकीतून ठेवी, ड्राफ्ट, पासबुक, विमा आणि म्युच्युअल फंड असं सगळं बाहेर पडतं. तुम्हाला जमतंय ना, मग करा! कुठलीही गोष्ट एकदा जमायला लागली, की ती करणं ही मेहरबानी राहत नाही, कर्तव्य होतं. पाटीवर टेबल आलं, की रविवारी आरामखुर्चीत बसलेल्या माणसाला फोन येणार, "तुमच्याकडे ते आहे ना? मग तेवढं स्टेटमेंट पाठवता का?" पाटी होती तोवर "यात ते होत नाही" असं खरं बोलून सुटता येत होतं. आता "होतं, पण मी करणार नाही" असं म्हणावं लागेल. हे वाक्य म्हणायला यंत्राची नव्हे, माणसाची ताकद लागते, आणि ती कुठल्याही नव्या आवृत्तीबरोबर येत नाही.

तरीसुद्धा माझं मत खिडक्यांनाच. नाही म्हणण्याचा कंटाळा येतो, म्हणून हो म्हणण्याची सोयच काढून टाकावी, हा काही न्याय नव्हे. फक्त एक विनंती. एकच खिडकी उघडी ठेवायची ती सोय टॅबलेटमध्ये आहे, तशी कारकुनातही बसवता आली तर पाहावी. आमच्या साहेबांना मी तसं सुचवणार होतो, पण त्यांच्या टेबलावर मला माझी फाइलच सापडली नाही.