लमाणाची जबाबदारी

डॉ. श्रीराम लागू यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘लमाण’ हे नाव दिले. एवढ्या मोठ्या नटाने स्वतःसाठी असा शब्द निवडावा, याचे पुस्तक हाती आले तेव्हा अनेकांना नवल वाटले. नाटककाराने दिलेला माल प्रेक्षकांपर्यंत नेऊन पोचवणे एवढेच नटाचे काम. माल त्याचा नव्हे, तो केवळ वाहून नेणारा, असा त्या नावामागील आशय. याला विनय म्हणून आपण सोडून देतो. मला मात्र त्यात एक अवघड नैतिक प्रश्न दडलेला दिसतो. जो केवळ वाहून नेतो, त्याच्यावर मालाच्या बऱ्यावाईटाची जबाबदारी येते की नाही?

माळवा आणि दख्खन यांमधील जुन्या वाटांवरून लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून जात. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज ज्या फौजांबरोबर नर्मदेपलीकडे आले, त्या फौजांना धान्य पुरवणारे हेच लोक. ते एका पक्षाचे नसत. लढणाऱ्या दोन्ही बाजूंना त्यांची गरज असल्यामुळे त्यांना सहसा कोणी लुटत नसे. तटस्थता हेच त्यांचे चिलखत होते. नटालाही हे चिलखत घालता येईल का? आज संताची भूमिका, उद्या खुन्याची. दोन्ही सारख्याच तन्मयतेने करायच्या आणि कोणी विचारलेच, तर ‘मी फक्त लमाण’ म्हणून मोकळे व्हायचे?

हा आक्षेप फार जुना आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये सॉक्रेटिसाच्या तोंडी एक विलक्षण प्रसंग येतो. कशाचेही हुबेहूब सोंग वठवू शकणारा बहुगुणी कलावंत आदर्श नगरीत आला, तर त्याला वंदन करावे, त्याच्या मस्तकाला सुगंधी तेल लावावे, लोकरीचा मुकुट घालावा आणि नम्रपणे दुसऱ्या नगरीची वाट दाखवावी. कारण, जो कोणीही होऊ शकतो तो स्वतः कोण आहे, याचा भरवसा कसा धरायचा? अठराव्या शतकात फ्रान्समधील दिदरोने याच्या उलट बाजूने विचार केला. उत्तम नट स्वतः रडत नाही, तो प्रेक्षकांना रडवतो; त्याचे अंतःकरण शांत असते म्हणूनच त्याचे काम रोज सारखे उतरते, असे त्याचे म्हणणे. एकाला नटाचे रिकामेपण धोक्याचे वाटले, दुसऱ्याला तेच त्याचे सामर्थ्य वाटले. पण नट आतून रिकामा असतो, हे दोघांनीही गृहीत धरले.

डॉ. लागूंचे चरित्र या गृहीतकाच्या आड येते. १६ नोव्हेंबर १९२७ रोजी साताऱ्यात जन्म, पुण्यात वैद्यकीय शिक्षण, कॅनडा व इंग्लंडमध्ये पुढील प्रशिक्षण, काही काळ आफ्रिकेत टांझानियात व्यवसाय आणि अखेर १९६९ मध्ये, वयाच्या बेचाळिशीत, कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियेचा चालता व्यवसाय सोडून पूर्ण वेळ रंगभूमी. त्यानंतर त्यांनी पाठीवर घेतलेल्या मालाची विविधता थक्क करणारी आहे. ‘हिमालयाची सावली’मधील करारी नानासाहेब भानू, ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’मधील चौकशीला सामोरे जाणारा मार्क्सवादी प्राध्यापक, ‘पिंजरा’मध्ये आदर्शाच्या शिखरावरून तमाशाच्या फडात घसरलेला मास्तर, ‘सामना’मध्ये निळू फुल्यांच्या हिंदुराव पाटलाला एकाच प्रश्नाने हैराण करणारा दारुडा मास्तर, ‘सिंहासन’मध्ये खुर्चीवर डोळा ठेवून बसलेला मंत्री. हे सारे एकाच माणसाने केले.

या सगळ्यांमध्ये समान धागा शोधण्याचा मोह मी टाळतो. धागा शोधायचाच, तर तो भूमिकांत नव्हे, माल हाताळण्याच्या रीतीत आहे. विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ डॉ. लागूंनी रंगमंचावर आणले, तेव्हा सेन्सॉरने पुष्कळ कात्री लावली. साडीवर दिसणाऱ्या रक्ताच्या लाल डागालाही हरकत घेतली गेली. तेव्हा डाग निळा करण्यात आला आणि प्रेक्षकांनी तो लाल समजावा, अशी सूचना प्रयोगापूर्वी देण्यात येई, असे सांगितले जाते. विनोदाचा भाग सोडला तरी यात व्यवसायाची एक नीती आहे. वाटेत जकातीच्या नाक्यावर गोणी उसवली गेली, तर सचोटीचा लमाण ती गुपचूप शिवून पुढे जात नाही. मूळ माल कोणता होता ते घेणाऱ्याला सांगतो. ‘गिधाडे’ हा काही गोड माल नव्हता. पण तो निवडला डॉ. लागूंनीच, आणि निवडल्यावर त्याच्या दुर्गंधीची जबाबदारी लेखकावर ढकलली नाही.

‘नटसम्राट’ने हा प्रश्न अधिक कठीण केला. गोवा हिंदू असोसिएशनने २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईत शिरवाडकरांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, आणि डॉ. लागूंसमोर कावेरीच्या भूमिकेत शांता जोग. रस्त्यावर आलेले आप्पासाहेब बेलवलकर विधात्याला जाब विचारतात, तेव्हा प्रेक्षागृहात कोणाचाही डोळा कोरडा राहत नसे. आता गंमत पाहा. हा जाब विचारणारा नट पक्का निरीश्वरवादी. परमेश्वराला आता निवृत्त करावे, असे लिहून त्याने पुढे महाराष्ट्रात वादळ उठवले. (निवृत्तीवेतनाचे काय करायचे, ते मात्र त्यांनी सांगितले नाही, असे आमच्या एका सनदी मित्राचे मत.) जो नाहीच असे ज्याला वाटते, त्याच्याशी हा माणूस रोज रात्री इतक्या व्याकूळ होऊन कसा बोलत असेल? हे ढोंग नव्हे का?

मला ते ढोंग वाटत नाही. विधात्याशी बोलत होते ते आप्पासाहेब, आणि आप्पासाहेबांचे दुःख खरे होते. दुसऱ्याचे दुःख खरे मानण्यासाठी त्याचा देवही आपला मानावा लागतो, असे कोठे आहे? आपली श्रद्धा ज्याची नाही त्याच्या श्रद्धेला पूर्ण वजन देऊन बोलता येणे, ही माझ्या दृष्टीने नैतिक शक्ती आहे. वादसभेत आपण समोरच्याची बाजू पातळ करून मांडतो आणि मग ती सहज खोडतो. डॉ. लागूंनी आस्तिकाची बाजू पातळ केली नाही. उलट, अनेक कीर्तनकारांना जमली नसेल एवढी ती जड केली.

याच नाटकातील बेलवलकरांकडे पाहिले की, प्लेटोची भीती अगदीच निराधार नव्हती, असेही वाटते. अखेरीस ते सीझर, ऑथेल्लो, हॅम्लेट, सुधाकर यांची नावे घेतात आणि त्याच रांगेत स्वतःचे नाव जोडतात. आयुष्यभर इतरांची ओझी वाहिलेल्या माणसाचे स्वतःचे नावही आता एक भूमिका झाले आहे. घर, पैसा, मुलांवरील विश्वास हे सारे त्यांनी एखाद्या प्रवेशासारखे उधळून टाकले. बेलवलकर साकारणाऱ्या नटाचे असे झाले नाही, कारण रंगभूमीबाहेर त्याच्याजवळ ठाम मते होती आणि त्यांची किंमत मोजण्याची तयारी होती.

शासकीय सेवेत ज्यांची हयात गेली, त्यांना हा विषय परका नाही. आम्हीही लमाणच. वरून आलेला आदेश खाली पोचवायचा, शेवटी ‘आदेशानुसार’ लिहून सही ठोकायची. आदेश आपला नव्हे, एवढ्या समाधानावर रात्री झोप लागते. फरक एवढाच की, आम्हाला माल निवडण्याची मुभा नसते. नटाला ती असते, निदान नाव झाल्यावर तरी असते. म्हणून ‘मी फक्त वाहून नेले’ हे वाक्य आमच्या तोंडी थोडे तरी खपून जाते. नटाच्या तोंडी ते तितके खपत नाही.

आणि येथेच डॉ. लागूंच्या कारकिर्दीतील अडचणीचे पान उघडते. ‘घरौंदा’ (१९७७) सारख्या भूमिका त्यांना हिंदीत मिळाल्या, त्या चित्रपटाने फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्याचा पुरस्कारही दिला. ॲटनबरोंच्या ‘गांधी’मध्ये ते गोखले झाले. परंतु त्यांनी केलेल्या शंभराहून अधिक हिंदी चित्रपटांपैकी बहुतेकांत त्यांच्या वाट्याला नायिकेचा वडील, न्यायाधीश, डॉक्टर, पोलीस अधिकारी असा तयार कपड्यांचा माल आला. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आमच्या मुलांना डॉ. लागू माहीत झाले ते याच रूपात. ‘मुकद्दर का सिकंदर’मधले रामनाथ त्यांना ठाऊक, नानासाहेब भानू नाहीत. त्या चित्रपटांच्या पैशावर नाटके उभी राहिली, असे समर्थन करता येते आणि ते काही अंशी खरेही असेल. तरीही हलका माल हलकाच राहतो. त्यावर मोठेपणाची शाल पांघरणे हा त्यांच्या सडेतोड स्वभावाचाच अपमान होईल.

दुसऱ्या पारड्यात टाकायचे तर सामाजिक कृतज्ञता निधीचे काम आहे. पूर्ण वेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावे, यासाठी निळू फुले, तनुजा, सदाशिव अमरापूरकर अशा नामवंतांना घेऊन अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे दौरे काढले गेले. माल हसण्याचा, पण पोचवायचे होते काही वेगळेच. डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर ‘विवेकजागर’च्या व्यासपीठावर ते गावोगाव उभे राहिले. तेथे लेखक नव्हता, रंगभूषा नव्हती, लमाणाच्या नावाखाली लपण्याची सोय नव्हती. देवाच्या प्रश्नावर दाभोलकर अधिक सबुरीने बोलत, डॉ. लागू थेट नकार देत, आणि समोर बसलेल्यांत ‘नटसम्राट’ पाहून रडलेली माणसे असत.

१९९४ मध्ये धावत्या रेल्वेगाडीवर फेकलेल्या दगडाने त्यांचा मुलगा तन्वीर गेला. विधात्याला जाब विचारण्याचा हक्क कोणाला असेलच, तर तो आता त्यांना होता. त्यांनी तो वापरला नाही. आपले मतही बदलले नाही. पुढे तन्वीरच्या नावाने रंगभूमीवरील व्यक्तींचा सन्मान सुरू झाला.

१९९९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, मकरंद साठे यांचे ‘सूर्य पाहिलेला माणूस’ अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली आले आणि त्यात डॉ. लागू सॉक्रेटिस झाले. ज्याच्या तोंडून प्लेटोने बहुगुणी नटाला नगरीबाहेर घालवले, तोच सॉक्रेटिस. शब्दांचा एवढा मोठा बोजा त्या वयात पाठीवर घेणे सोपे नव्हते. नगरातील देवांना न मानण्याचा आणि तरुणांना बिघडवण्याचा आरोप असलेला तो म्हातारा रंगमंचावर उभा राहून आपली बाजू मांडत असे, तेव्हा त्या आरोपांपैकी पहिला आरोप नटावरही लागू होता, हे प्रेक्षकांतील अनेकांना ठाऊक असे.