नोंद आणि ऋण

कलावंताची बिदागी हे दान की देणे, हा प्रश्न आमच्या देवळांच्या सभामंडपांत नवा नाही. उत्सवाच्या रात्री गवयाच्या हाती श्रीफळाबरोबर जी रक्कम पडे, ती देताना आपण औदार्य केले असे यजमान मानी. आम्हांस हे मान्य नाही. ज्याच्या स्वराने आपले चित्त निवाले त्याचे आपण ऋणी झालो. आणि ऋण फेडण्यात औदार्य कसले?

मैफलीत गाणारा व ऐकणारा समोरासमोर असत. 1902 साली कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, त्या काळापासून दोघांत अंतर पडू लागले. परदेशी कारागिरांस तबकडी ओळखता यावी म्हणून त्या गाण्याच्या अखेरीस आपले नाव उच्चारीत. अभंगातील नाममुद्रेसारखीच ती खूण. नाव तबकडीवर राहिले, पण पैशाची वाट मात्र कंपनीच्या दप्तरातून जाऊ लागली. आज संगणकावर गाणे ऐकताना त्या वाटेवरचे मध्यस्थ वाढलेच आहेत.

यावर 'ब्लॉकचेन' हा उपाय सुचविला जातो. ही एक सामाईक खतावणी होय. तिच्या प्रती अनेक संगणकांवर असल्याने झालेली नोंद कोणा एकास गुपचूप खोडता येत नाही. वाटे आधी ठरवून ठेवले, की रक्कम येताच ते ज्याच्या त्याच्या खाती पडतात. इंग्लंडच्या गायिका इमोजन हीप यांनी ऑक्टोबर 2015 मध्ये 'टायनी ह्यूमन' हे गीत या रीतीने विक्रीस ठेवले. प्राप्ती झाली सुमारे 133 डॉलर. उलट 2021 साली जस्टिन ब्लाऊ या अमेरिकन संगीतकारास आपल्या संग्रहाशी निगडित अशा डिजिटल मुद्रांच्या लिलावातून एक कोटी डॉलरांहून अधिक मिळाले. तो काळ तेजीचा व सट्ट्याचा होता. यंत्राने वाटणी चोख केली, तरी रसिकता निर्माण करणे वा लोभ आवरणे त्याच्या हाती नव्हते.

पुनर्विक्रीतही कलावंतास वाटा मिळेल, हे या पद्धतीचे मोठे आश्वासन. परंतु ऑगस्ट 2023 मध्ये 'ओपनसी' या प्रमुख बाजारपेठेने त्याची सक्ती सोडण्याचे जाहीर केले. जे वचन नोंदीत कोरले आहे असे कलावंत समजत होते, ते वस्तुतः व्यापाऱ्याच्या मर्जीवर उभे होते.

याहून खोल प्रश्न पहिल्या नोंदीचा आहे. ती पुसता येत नाही हे खरे. पण ती सत्य आहे याची ग्वाही कोणी द्यावी? दुसऱ्याची चीज कोणी आपल्या नावे चढविली, तर असत्यच चिरस्थायी होईल. आणि ज्या गुरूने ती बंदिश कंठस्थ करविली, त्याचे नाव कोणत्या रकान्यात?

म्हणून ही खतावणी त्याज्य आहे, असे आम्ही म्हणत नाही. देवस्थानाचा हिशेब उघडा असावा असे मानणाऱ्यांनी गायकाचा हिशेबही उघडा असावा, असेच म्हटले पाहिजे. पण वही ऋण दाखविते. ते फेडण्याची बुद्धी वहीत नसते. ती ऐकणाराजवळ असावी लागते, आणि तिचा आरंभ फार साधा आहे: गाणे आवडले, तर ते कोणाचे हे आपण विचारावे.